रावणाला नेमकं काय हवं होतं?

(आमगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आमगावात भवभूतीवर बोलायला उभा राहिलेला माणूस सहसा ‘उत्तररामचरिता’कडेच वळतो. त्यात गैर काही नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचंही ते लाडकं नाटक होतं. मला मात्र आज त्याच कवीच्या एका मागे पडलेल्या नाटकाबद्दल बोलायचं आहे. ते म्हणजे ‘महावीरचरित’. संस्कृतचे प्राध्यापकसुद्धा ते बहुधा परीक्षेपुरतंच वाचतात. भाषणं लांबलचक, युद्धं पडद्याआड, आणि करुणाचा तो झरा इथे अजून फुटलेला नाही. तरीही या नाटकात एक प्रश्न असा विचारला आहे की तो आजतागायत कोणी सोडलेला नाही. नायकाच्या समोर उभा असलेला जो आहे, प्रतिस्पर्धी म्हणा, खलनायक म्हणा, त्याच्या मनात खोल कुठेतरी काय होतं? त्याला नेमकं काय हवं होतं?

हा प्रश्न पंडितांचा नाही, तो प्रेक्षकांचा आहे. दसऱ्याला रावण जळून गेल्यावर घरी जाताना पोरं विचारतात, तिला एवढं पळवून नेलं तर मग हात का नाही लावला? आई म्हणते, त्याला शाप होता. आजी म्हणते, त्याला रामाच्या हातून मरायचंच होतं, मोक्ष हवा होता. कोणी शहाणा म्हणतो, अरे, सीता त्याचीच लेक होती! ही शेवटची गोष्ट त्या शहाण्याने मनाने रचलेली नाही बरं का. जैन रामकथेत ती लेखी आहे. गुणभद्राच्या ‘उत्तरपुराणा’त सीता ही रावण-मंदोदरीची मुलगी आहे. म्हणजे नवव्या शतकातसुद्धा माणसं रावणाच्या मनात डोकावून बघत होती आणि तिथे जे दिसलं ते लिहून ठेवत होती.

त्याच्याही शंभराहून अधिक वर्षं आधी आपल्या भवभूतीने हेच केलं.

‘आपल्या’ म्हणण्याचा हक्क आपल्याला महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मिळवून दिला. भवभूती स्वतःबद्दल बरंच सांगतो. विदर्भातलं पद्मपूर हे गाव, काश्यप गोत्र, तैत्तिरीय शाखा, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, गुरू ज्ञाननिधी. एवढं कोण सांगतं? कालिदासाने तर आपल्या गावाचाही पत्ता लागू दिला नाही. पण हे पद्मपूर कोणतं, याचा वाद होता. वाकाटकांचा एक ताम्रपट दुर्ग भागात मिळाला, त्यात पद्मपुराचं नाव आलं, आणि मिराशींनी इतर पुराव्यांशी ते जुळवून दाखवलं की हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर. इथून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर. आता गावातल्या कॉलेजला भवभूतीचं नाव आहे, आणि त्याच्या एका तरी नाटकाचं कथानक सांगता येईल असा विद्यार्थी तिथे सापडला तर मला आनंद होईल. सापडेलही. मी उगाच टोचून बोलतो आहे.

तर ‘महावीरचरित’. रामाच्या लग्नापासून राज्याभिषेकापर्यंतची कथा, सात अंक. पहिल्याच अंकात भवभूती एक खेळी करतो. विश्वामित्राच्या आश्रमात राम-लक्ष्मण आहेत, जनकाचा भाऊ कुशध्वज सीता आणि ऊर्मिलेला घेऊन आला आहे, आणि तिथे लंकेहून एक राक्षस दूत येऊन दाखल होतो. कशासाठी? रावणाकडून सीतेला मागणी घालायला. रीतसर मागणी! वाल्मीकीच्या रामायणात रावणाला सीतेचा पत्ता लागतो तो वनवासाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी, शूर्पणखेचं नाक कापलं गेल्यावर. इथे तो पहिल्या दिवसापासून स्पर्धेत आहे. दूत उत्तराची वाट बघत उभा आहे आणि त्याच्या डोळ्यांदेखत ताटका मरते, शिवधनुष्य मोडतं, सीता रामाला दिली जाते. दूत हात हलवत परत जातो.

हे तुम्हाआम्हाला लगेच कळतं. सोयरीक मागितली, मुलीकडच्यांनी तोंडावर दुसरीकडे दिली. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अबोला राहायला एवढं पुरतं. भवभूतीने रावणाला वासनेच्या जागी अपमान दिला. पुढचा सगळा संघर्ष राज्याराज्यांमधल्या मानापमानाचा होऊन बसतो, आणि रामकथेला राजकारणाचा कणा मिळतो.

पण एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मनात शिरून त्याला कारण दिलं की गोष्ट तिथे थांबत नाही. भवभूती एकेकाचे डाग धुवायला लागतो. कैकेयीचे दोन वर आठवा. या नाटकात कैकेयीने काही मागितलेलंच नाही. शूर्पणखा मंथरेच्या शरीरात शिरते, कैकेयीच्या नावाचं खोटं पत्र घेऊन मिथिलेत येते आणि राम तिथूनच परस्पर वनात जातो. वालीला रामाने झाडाआडून मारलं, हा रामभक्तांना शतकानुशतकं सलणारा काटा. इथे वाली रावणाचा मित्र म्हणून, मित्राच्या शब्दाखातर, रामावर समोरून चालून येतो आणि समोरासमोर लढून मरतो. मरताना सुग्रीवाची आणि रामाची गाठ घालून देतो. परशुरामसुद्धा आपणहून आलेला नाही. त्याला चिथावून पाठवलं आहे.

मग हे सगळं केलं कोणी? माल्यवानाने. रावणाचा म्हातारा आजोबा, त्याचा मंत्री. पत्र त्याच्या डोक्यातून निघालं, परशुरामाला त्याने फुंकलं, वालीला त्याने भरीला घातलं. धानाच्या बांधीचं पाणी फोडलं की ते नाहीसं होत नाही, खालच्या बांधीत जाऊन बसतं. दोषाचंही तसंच आहे. भवभूतीने कैकेयीच्या, वालीच्या, काही अंशी रावणाच्याही बांधीतून तो फोडला आणि सगळा माल्यवानाच्या बांधीत नेऊन सोडला. गंमत अशी की वाल्मीकीच्या युद्धकांडात हाच माल्यवान रावणाला सांगतो, सीता परत कर, रामाशी तह कर. लंकेत जे मोजके शहाणे होते त्यांतला हा एक! बिचाऱ्याने मूळ कथेत चांगला सल्ला दिला आणि नाटकात सगळ्यांची पापं डोक्यावर घेतली.

यावर पंडित फारसं बोलत नाहीत. मला मात्र ‘महावीरचरिता’तली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. कोणत्याही प्रतिस्पर्ध्याला आपण छुपं दुःख, छुपं प्रेम, छुपा अपमान बहाल करतो, तेव्हा त्या दयेचं बिल दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर फाटतं. ते कोणाच्या नावावर फाटलं, ते बघायची सवय लावून घ्यायला हवी.

आता या नाटकाची दुसरी गंमत. भवभूतीच्या हातचं म्हणून जे निर्विवाद आहे, ते पाचव्या अंकाच्या मध्यापर्यंतच. त्यापुढचा मजकूर निरनिराळ्या हस्तलिखितांत निरनिराळा मिळतो. कोणी सुब्रह्मण्य, कोणी विनायक, अशा नंतरच्या मंडळींनी तो पुरा केला. का, ते सांगता येत नाही. पण याचा परिणाम बघा. रावण रंगमंचावर स्वतः येतो तो सहाव्या अंकात. म्हणजे खुद्द भवभूतीच्या मजकुरात रावण समोर येतच नाही! त्याचा दूत येतो, त्याचा मंत्री येतो, त्याची बहीण येते, त्याच्या नावाने सगळा खेळ चालतो, आणि तो स्वतः कुठेतरी लंकेत. पाच अंक प्रेक्षकांनी त्याची वाट बघितली. मग ज्यांनी नाटक पुरं केलं त्यांनी त्याला आणला, आणि कसा आणला? सीतेच्या विचारात गढलेला, मंदोदरी समुद्रावर सेतू झाल्याचं सांगते आहे तरी तिकडे लक्ष नसलेला, विरही प्रियकर. भवभूतीने त्याला अपमानित सोयरा केलं होतं. पूर्तता करणाऱ्यांनी त्याचा मजनू केला.

हे पूर्तताकार कोण होते? माझ्या मते ते या नाटकाचे पहिले चाहते. चाहत्याला अर्धवट नाटक सहन होत नाही. त्याहून जास्त, न आलेला रावण सहन होत नाही. जिथे कवीने जागा मोकळी सोडली तिथे चाहता प्रेम भरतो. हजार वर्षांत यात तसूभर फरक पडलेला नाही.

पटत नसेल तर दिवाळीनंतर कुठल्याही मंडईला जा. धान कापून झालेलं असतं, हातात थोडा पैसा असतो, गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतो, आणि रात्री नाटक. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांच्या गाड्या त्या दिवसांत गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली चारही जिल्ह्यांत रात्रंदिवस धावतात. या झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टीचा शोध लागला. आपल्याला तो आधीपासून होता. भवभूतीची तिन्ही नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली, असं त्यांच्या प्रस्तावनांतच आहे. यात्रेतलं नाटक म्हणजे काय, हे झाडीपट्टीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

अर्जुनी मोरगावच्या बाजूला एका गावी मी असंच नाटक बघितलं. कथानक तुमच्या ओळखीचं: दोन भाऊ, एक शेत, एक मुलगी, आणि मधला तो पाटलाचा पोरगा, ज्याला सगळंच हवं असतं. खलनायकाचं काम करणारा नट उत्तम होता. दुसऱ्या अंकात तो नायिकेच्या अंगणात येतो, तिला धमकावतो आणि जाता जाता ओट्यावर पडलेली तिची ओढणी उचलून घडी करून ठेवतो. बस्स, एवढंच. कदाचित पुढच्या प्रवेशात कोणाचा पाय अडकू नये म्हणून त्याने ती उचलली असेल. पण माझ्या पुढ्यात चादर पांघरून बसलेल्या बाया एकमेकींना कोपर मारायला लागल्या. पहाटे नाटक सुटलं. चहाच्या टपरीवर तो नट मफलर गुंडाळून उभा होता, डोळ्यांतलं काजळ अजून तसंच. एक म्हातारी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. “काऊन जी, तुमच्या मनात तिच्यासाठी होतं ना काही? मंग सांगतलं काऊन नाही?” तो हसला, म्हणाला, “लेखकानं लिहिलंच नाही, आजी.” म्हातारीला ते उत्तर अजिबात पटलं नाही. लेखकाचा काय संबंध, असा तिचा चेहरा होता.

मला ती म्हातारी पूर्तताकारांच्या वंशातली वाटली. तिने चार तासांचं नाटक बघून एका घडी केलेल्या ओढणीवर त्या माणसाचं सगळं आयुष्य रचलं. आणि तिचा प्रश्न बिनतोड आहे. मनात होतं तर सांगितलं का नाही? हाच प्रश्न महाराष्ट्र साठ वर्षं कर्णाला विचारतो आहे.

१९६७ साली शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आलं. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही आलं. एका वर्षात, एकाच भाषेत, एकाच माणसाची दोन उलट-सुलट चित्रं. सावंतांनी कर्णाला स्वतःच्या तोंडून बोलतं केलं, शिवाय कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण यांनाही. इरावतीबाईंच्या कर्णावरच्या लेखाचं नाव ‘मी कोण?’, आणि तो लेख कर्णाला फारशी सूट देत नाही. वाचकांनी कोणाच्या बाजूने कौल दिला ते सांगायला नको. आपल्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ‘मृत्युंजय’ची जी प्रत आहे ती मी मुद्दाम काढून बघितली. बांधणी तीनदा बदललेली. कडेने पेन्सिलीच्या खुणा, वेगवेगळ्या हातांच्या, वेगवेगळ्या दशकांच्या. एका ठिकाणी बारीक अक्षरात: ‘हिला माहीत होतं’. त्याच्या खाली निळ्या शाईत, दुसऱ्या कोणीतरी: ‘नाही, तिला माहीत नव्हतं, म्हणूनच’. ‘म्हणूनच’च्या पुढे काय, ते लिहिलेलं नाही. ग्रंथपालांनी मला सांगितलं की हे पुस्तक कधी शेल्फवर राहतच नाही.

या वाचकांना हवा असलेला प्रसंग कोणता? स्वयंवराचा. कर्ण धनुष्य उचलतो, आता बाण सोडणार, आणि द्रौपदी म्हणते की सूतपुत्राला मी वरणार नाही. सगळं वैर, सगळी जळजळ, द्यूतसभेतले ते शब्द, सगळं या एका जखमेतून निघालं, असं आपण धरून चालतो. पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, आणि विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९३३पर्यंत आदिपर्व छापून काढलं, तेव्हा देशभरच्या हस्तलिखितांशी ताडून बघितल्यावर द्रौपदीचं ते वाक्य मूळ संहितेत टिकलं नाही. ते तळटीपेत गेलं. त्या संहितेप्रमाणे कर्ण-शल्यासारख्या बलवानांना ते धनुष्य वाकवताच आलं नाही, एवढंच. जखम नाही. नुसतं अपयश.

कोणत्या तरी शतकात कोणा सूताला, कोणा लेखनिकाला वाटलं असणार, एवढं वैर नुसत्या अपयशातून कसं येईल? काहीतरी झालं असणार. त्याने ते वाक्य घातलं, आणि ते इतकं चपखल बसलं की आज सुखटणकरांनी काढलं तरी लोकांच्या मनातून जात नाही. आपला पूर्तताकार पुन्हा भेटला!

लोककलावंतांनी तर याहून धिटाई केली. ‘जांभूळ आख्यान’ तुमच्यापैकी अनेकांनी शाहीर विठ्ठल उमपांच्या खणखणीत आवाजात ऐकलं असेल. कथेची रूपं अनेक आहेत, गाभा एकच: झाडाचं तोडलेलं जांभूळ पुन्हा देठाला लागायचं असेल तर प्रत्येकाने मनातलं खरं बोलायचं, आणि द्रौपदीच्या मनातून निघतो कर्ण. इथे एक गोष्ट बघा. आख्यानकाराने कर्णाच्या मनाला हातच लावलेला नाही. त्याने इच्छा द्रौपदीला दिली. प्रतिस्पर्धी जसा होता तसा राहिला, शत्रूच राहिला, त्याला कोणी हळवा केला नाही. उलट पाच नवऱ्यांच्या घरात ती इच्छा येऊन पडली आणि घर हादरलं. कादंबऱ्यांपेक्षा मला ही रचना जास्त ताकदीची वाटते. ‘मृत्युंजय’वर माझं प्रेम आहे, तरीही.

कारण कादंबरीत काय होतं? कर्णाला चांगला करायचं म्हटलं की द्यूतसभा आडवी येते. तिथे तो द्रौपदीला वेश्येची उपमा देतो, तिची आणि पांडवांची वस्त्रं काढून घ्यायला सांगतो. हे शब्द चिकित्सक आवृत्तीत आहेत, कोणी मागाहून घातलेले नाहीत. मग त्या शब्दांना कारण शोधावं लागतं, आणि कारण शोधता शोधता बिल पुन्हा दुसरीकडे फाटतं. थोडं द्रौपदीवर, थोडं कुंतीवर, बरंचसं जातिव्यवस्थेवर, बाकी नशिबावर. दाजी पणशीकरांना हे सहन झालं नाही. त्यांनी ‘कर्ण खरा कोण होता?’ असं आख्खं पुस्तक लिहून कर्णाची उलटतपासणी घेतली. त्यांचा सूर मला फिर्यादीच्या वकिलासारखा वाटतो, पण कागदपत्रं त्यांच्या बाजूने आहेत.

आणि हे सगळं सुप्त, छुपं, खोल दडलेलं शोधताना कर्ण जे उघड बोलला आहे ते कोणी ऐकत नाही! उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात बसवून घेऊन जातो आणि सगळं सांगतो. तू कुंतीचा मुलगा आहेस, थोरला आहेस, राज्य तुझं, पांडव तुझे पाय धरतील, आणि सहाव्या पाळीला द्रौपदीही तुझ्याकडे येईल. चाहत्यांनी ज्याची-ज्याची कल्पना केली ते सगळं ताटात वाढून समोर ठेवलं आहे. कर्ण काय म्हणतो? राधेला माझ्यावरच्या मायेने पान्हा फुटला, तिने माझी हागणी-मुतणी काढली, अधिरथ मला मुलगा मानतो, माझी लग्नं त्याच घरात झाली, नातवंडं तिथे आहेत. दुर्योधनाने माझ्या भरवशावर शस्त्र उचललं आहे. पांडवांना मी जे कडवट बोललो ते त्याला खूश करायला बोललो, त्याचा मला पस्तावा होतो. आणि एक कर, हे युधिष्ठिराला सांगू नको. त्याला कळलं तर तो राज्य घेणार नाही, मला देईल, आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. द्रौपदीबद्दल एक शब्द नाही. त्या अर्पणाकडे तो वळूनही बघत नाही.

यात गुपित कुठे आहे? माणूस आपल्याला काय हवं ते स्पष्ट सांगतो आहे: ज्यांनी वाढवलं त्यांच्याशी आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी बेइमानी करायची नाही, आणि अर्जुनाशी लढायचं आहे. हरणार हे माहीत असून लढायचं आहे. आपल्याला हे पुरत नाही. प्रतिस्पर्ध्याला खरंच वैर करायचं आहे, पूर्ण शुद्धीत, डोळे उघडे ठेवून, हे आपल्याला झेपत नाही. म्हणून आपण त्याच्या वैराच्या तळाशी प्रेम आहे असं ठरवतो, म्हणजे मग तो आतून आपल्यातलाच. मला वाटतं, प्रतिस्पर्ध्याच्या अंतर्मनाचा हा जो शोध आहे तो बहुतेक वेळा त्याचं वैर काढून घेण्याचा लाडिक मार्ग असतो.

वैर काढून घेऊ न देणारा एक खलनायकही आपण बघितला आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’चं ‘झुंझारराव’ मराठीत आणलं. त्या मूळ नाटकातला इयागो स्वतःच दर प्रवेशात आपल्या द्वेषाचं नवं कारण सांगतो. बढती हुकली, बायकोबद्दल संशय, आणखी काय काय. कोलरिज या इंग्रज कवीच्या ध्यानात आलं की हा माणूस कारणं सांगत नाही, शोधतो आहे. द्वेष आधी, कारण मागाहून. शेवटी त्याला विचारतात, का केलंस? तेव्हा तो तोंड मिटून घेतो आणि पुन्हा उघडत नाही. शेक्सपिअरने चाहत्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. चाहते अजून कडी वाजवताहेत.

आता माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या, बापाचं नाव विचारलं की मान खाली घालावी लागलेल्या कितीतरी वाचकांनी कर्णाच्या मनात स्वतःचं मन बघितलं. त्यांना मी सांगायचं का, की बाबांनो, संहितेत हे नाही, तुम्ही उगाच रडलात? नाही. ते रडणं खरं होतं. वि. वा. शिरवाडकरांनी ‘कौंतेय’ लिहिलं, रणजित देसाईंनी ‘राधेय’ लिहिलं, ते या वाचकांची तहान ओळखूनच. पण तहान वाचकाची होती, कर्णाची नव्हती, एवढा फरक ठेवायला हवा. मला वाटतं, हा फरक ठेवला तर दोघांचाही मान राहतो.

रावणाच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न वेगळाच होतो. सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची यात्रा भरते, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापर्यंतची माणसं येतात. त्या समाजात रावणाला आपला पूर्वज, आपला राजा मानणारे पुष्कळ आहेत. रावणदहन बंद करा, ही मागणी विदर्भात आदिवासी संघटना वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. त्यांच्याकडे जाऊन ‘रावणाच्या मनात खोल काय होतं?’ असं विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या आजोबांबद्दल चौकशी करण्यासारखं आहे. तिथे तो प्रतिस्पर्धीच नाही, घरचा माणूस आहे, आणि घरच्या माणसाच्या मनाचा अंदाज बांधत कोणी बसत नाही. चाहत्यांचं तर्क-वितर्काचं सगळं सुख, रावण पलीकडच्या बाजूचा आहे असं आधी गृहीत धरल्यावरच सुरू होतं. पदमपूर आणि कचारगड एकाच जिल्ह्यात आहेत. मध्ये फार अंतर नाही. भवभूतीला गोंडांचा हा रावण माहीत होता का, ठाऊक नाही, पण त्याने रावणाला राक्षस न ठेवता सोयरीक मागणारा राजा केलं, याची मला इथे उभं राहून आठवण होते.

शेवटी एक व्यावहारिक सूचना करतो आणि बसतो. झाडीपट्टीच्या एखाद्या कंपनीने ‘महावीरचरित’ करावं. झाडीबोलीत. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीला आणि दंडार या लोकनाट्याला जी प्रतिष्ठा मिळवून दिली त्यानंतर ही भाषा या नाटकाला कमी पडणार नाही. फक्त एक अट. भवभूतीने जिथे सोडलं तिथेच थांबायचं, पूर्तताकारांचा मजकूर घ्यायचा नाही. म्हणजे जाहिरातीच्या फलकावर रावणाचं चित्र मोठं, आणि रात्रभर रावण नाही! कंपनीचे मालक म्हणतील, पब्लिक खुर्च्या मोडेल. मोडणार नाही, बहुतेक खालीच बसलेले असतात. सगळ्यात चांगल्या खलनायकाला माल्यवान द्या. वाक्यं त्याच्याचकडे आहेत, कारस्थानं त्याचीच आहेत. पहाटे चहाच्या टपरीवर म्हाताऱ्या त्याला घेरतील आणि विचारतील, तुमच्या मनात का होतं जी? त्या नटाने मात्र आधी वाल्मीकीचं युद्धकांड वाचून ठेवलेलं बरं. त्याला सांगता येईल, “आजी, मी तं म्हटलं होतं, वापस करून टाका.”